शरीरातलं उपकरण आणि हरवलेली फाईल

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात आता आपल्या वर्ध्यालाही नवी राहिलेली नाही. वर्तमानपत्रात, मोबाईलवर, नागपूरच्या रस्त्यांवरच्या फलकांवर ती दिसते. तिच्यात दोन फोटो असतात. एक ‘आधी’चा, दुसरा ‘नंतर’चा. पण ‘नंतर’ म्हणजे नेमकं किती नंतर, हे कुठंच लिहिलेलं नसतं. सहा महिन्यांनी? वर्षानं? दहा, बारा किंवा पंधरा वर्षांनी त्याच माणसाच्या पोटात काय चाललं आहे, याचा फोटो काही कुणी छापत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं, तेव्हा आपल्या वाहिन्यांनी काय केलं ते आठवा. जगातली सर्वांत वजनदार बाई, म्हणून कित्येक आठवडे बातम्या चालल्या. आज किती किलो कमी झाले, याचा रोजचा हिशोब. मे महिन्यात त्या अबुधाबीला गेल्या आणि कॅमेरे हळूहळू दुसरीकडे वळले. सप्टेंबरमध्ये त्या तिथंच वारल्या, ही बातमी मात्र एका दिवसात संपली. त्यांच्या पोटात कुठलं उपकरण बसवलेलं नव्हतं, त्यामुळं आजच्या विषयाशी त्यांचा थेट संबंध नाही. पण आपण नेमकं काय मोजतो आणि काय मोजायचं सोडून देतो, ते या प्रकरणात स्वच्छ दिसलं.

आज मला लिहायचं आहे ते शरीरात बसवलेल्या आणि मग विसरल्या गेलेल्या उपकरणांबद्दल. मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रिया करू नका, असं सांगायलाही मी बसलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्या व्यवस्थेनं माणसाच्या पोटात एखादी वस्तू आयुष्यभरासाठी ठेवली, तिनं त्या वस्तूची नोंदही आयुष्यभर ठेवली पाहिजे. ती ठेवली जात नाही. त्याची किंमत मोजावी लागते ती छोट्या गावातल्या रुग्णाला.

पोटातला पट्टा

ज्या उपकरणाबद्दल मी बोलतो आहे, त्याला डॉक्टर ‘गॅस्ट्रिक बँड’ म्हणतात. सोप्या भाषेत जठराचा पट्टा. सिलिकॉनचं एक कडं असतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं ते जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात. त्यामुळं वर एक छोटीशी पिशवी तयार होते आणि थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. कड्याला एक बारीक नळी जोडलेली असते. नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका छोट्या डबीपर्यंत येतं. तिला ‘पोर्ट’ म्हणतात. तिच्यात खास सुईनं सलाईनचं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. यात जठर कापावं लागत नाही आणि पट्टा नको झाला तर काढता येतो. म्हणूनच तो ‘सगळ्यात सुरक्षित’ म्हणून विकला गेला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ‘लॅप-बँड’ नावाच्या पट्ट्याला जून २००१ मध्ये मंजुरी दिली. युरोपात तो त्याआधीपासून बसवला जात होता. पुढं भारतातल्या मोठ्या शहरांतही त्याचा बोलबाला झाला. आज डॉक्टर तो क्वचितच बसवतात. जठराचा मोठा भाग कापून काढणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया आणि आतड्याची वाट बदलणारी ‘बायपास’ शस्त्रक्रिया यांनी त्याची जागा घेतली. गेल्या वर्षी-दोन वर्षांत तर वजन उतरवणारी इंजेक्शनंही भारतात आली. त्यामुळं पट्टा ही जुनी गोष्ट वाटते. बाजारापुरती ती जुनी झालीही असेल. पण ज्यांच्या पोटात तो बसवला, त्यांच्यापैकी अनेकांच्या पोटात तो अजून आहे.

या पट्ट्याचे उशिरा होणारे त्रास काय काय असतात? पट्टा जागेवरून सरकतो आणि जठराचा भाग वर अडकतो. सततच्या अडथळ्यामुळं अन्ननलिका फुगते. नळीला चीर पडते, पाणी गळतं. पोर्टच्या जागी पू होतो. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे, पट्टा जठराची भिंत हळूहळू कुरतडत आत शिरतो. बाहेरून आवळायला बसवलेली वस्तू काही वर्षांनी जठराच्या आत सापडते. त्याहून दुर्मीळ प्रकारांत नळी आतड्याभोवती गुंडाळली जाऊन आतडं अडकतं, किंवा नळी मोठ्या आतड्यात घुसते.

‘दुर्मीळ’ कुणी ठरवलं?

हे त्रास दुर्मीळ आहेत, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही. पट्टा आत शिरण्याच्या प्रकाराबद्दल २०११ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या अभ्यासांतले १५,७७५ रुग्ण त्यात मोजले होते आणि प्रमाण निघालं सुमारे दीड टक्का. म्हणजे शंभरात एक किंवा दोन.

पण त्याच वर्षी बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या सर्जन मंडळींनी एक वेगळी गोष्ट केली. १९९४ ते १९९७ या काळात ज्यांना पट्टा बसवला होता, अशा १५१ रुग्णांना त्यांनी बारा किंवा जास्त वर्षांनी पुन्हा शोधलं. त्यांतले ८२ सापडले. या ८२ जणांत पट्टा आत शिरण्याचं प्रमाण होतं २८ टक्के. जवळपास निम्म्या लोकांचा पट्टा तोपर्यंत काढावा लागला होता.

दीड टक्का कुठं आणि अठ्ठावीस टक्के कुठं! यातला एक आकडा खरा आणि दुसरा खोटा, असं समजायचं कारण नाही. जुन्या काळची शस्त्रक्रियेची पद्धत वेगळी होती, रुग्ण थोडे होते आणि त्रास असलेलेच जास्त सापडले असण्याची शक्यताही आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. तुम्ही किती वर्षांनी विचारता आणि किती लोकांना शोधून काढता, यावर ‘दुर्मीळ’ या शब्दाचा अर्थ ठरतो. दोन वर्षांनी विचारलं, तर बाराव्या वर्षी होणारा त्रास दिसणारच नाही.

अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजनेत पट्टा बसवलेल्या २५,०४२ लोकांची माहिती २०१७ मध्ये तपासली गेली. सरासरी साडेचार वर्षांत त्यांच्यातल्या १८.५ टक्के लोकांना पट्ट्याच्या कारणानं पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं होतं. हे कळलं कशामुळं? पैसे सरकार देत होतं आणि प्रत्येक बिलाची नोंद एका ठिकाणी होती म्हणून.

भारतात पट्टा बसवलेल्यांपैकी किती जणांचा पट्टा पंधरा वर्षांनी जागेवर आहे, हे तुम्ही कुणाला विचारणार? ज्या देशात मोजणीच होत नाही, तिथं प्रत्येक त्रास दुर्मीळच असतो.

‘पट्टा लावला आहे’ म्हणजे?

आता घरातलं उदाहरण सांगतो. माझी एक खाला हिंगणघाटला राहते. २०१० मध्ये तिचा मुलगा आखातात नोकरीला होता. आईची शुगर, गुडघे आणि वाढतं वजन यांचा त्याला घोर लागला होता. त्यानं पैसे पाठवले आणि एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात खालाला पट्टा बसवला गेला. पहिल्या दोन वर्षांत तिचं वजन चांगलं उतरलं. शुगरची गोळी कमी झाली. ती जिने चढू लागली. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही.

पट्टा तपासायला, पाणी कमी-जास्त करायला सुरुवातीला ती जात होती. मग मुलाची नोकरी गेली, प्रवासाचा खर्च परवडेना आणि जाणं बंद झालं. दवाखान्याकडूनही कधी फोन आला नाही.

रमजानमध्ये तिला उलट्यांचा त्रास व्हायचा. दिवसभराच्या रोजानंतर इफ्तारला खजूर, पाणी, भजी भराभर पोटात गेली की अन्न वर यायचं. पट्टा असलेल्या माणसानं घास बारीक चावून, सावकाश खायचा असतो. वारंवार उलट्या झाल्या तर पट्टा सरकू शकतो. हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. घरात मात्र चर्चा व्हायची ती उलटीनं रोजा तुटतो की नाही याची. पट्टा सरकला का, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. पट्टा असलेल्यानं रोजे ठेवूच नयेत, असं नाही. पण आधी डॉक्टरांशी बोलून, गरज पडल्यास पट्टा थोडा सैल करून ठेवावेत, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं.

तेरा वर्षं झाल्यावर पोर्टच्या जागी सूज आली, मग गळू झालं. ते दोनदा फोडलं. दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला. तेवढ्यापुरतं बरं वाटे आणि पुन्हा पू येई. त्याच काळात तिला पुन्हा पोटभर जेवण जाऊ लागलं. वजन वाढू लागलं. घरच्यांनी दोष तिच्या जिभेला दिला. खरं तर जाणकार सर्जनला या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या असत्या तर त्याचे कान टवकारले असते. पोर्टच्या जागी उशिरानं होणारा जंतुसंसर्ग आणि अचानक सुटलेला आवळ, ही पट्टा जठरात शिरल्याची नेहमीची खूण आहे.

खालानं डॉक्टरांना काहीच सांगितलं नव्हतं, असं नाही. ‘पट्टा लावलेला आहे,’ असं तिनं दोन ठिकाणी सांगितलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, पोटाला किंवा कमरेला बांधायचा पट्टा. शेवटी वर्ध्याला एका डॉक्टरांनी दुर्बिणीनं जठर तपासलं, तेव्हा आत पांढरं कडं दिसलं. त्यांनी बाहेर येऊन विचारलं, ‘काकू, पोटात कधी काही बसवून घेतलं होतं का?’ खाला म्हणाली, ‘किती दिवसांपासून तेच तर सांगतेय मी!’

मग कागदपत्रांचा शोध सुरू झाला. कोणत्या कंपनीचा पट्टा? कोणता नंबर? पोर्टमध्ये धातू आहे का, एमआरआय चालेल का? घरात डिस्चार्ज कार्ड सापडलं नाही. त्या दवाखान्याला फोन केला, तर एवढी जुनी फाईल ठेवत नाही, असं उत्तर मिळालं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथून केव्हाच गेले होते. पट्टा निघाला, खाला आज बरी आहे. पण निदान व्हायला सात-आठ महिने गेले आणि त्या सगळ्या काळात उत्तर एका हरवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं.

दवाखान्याची फाईल हरवली, तर निदान कंपनी तरी जागेवर असते, असं कुणाला वाटेल. ज्या ‘लॅप-बँड’चा उल्लेख मी वर केला, त्याचा मालक आधी इनामेड, मग २००६ पासून ॲलर्गन, २०१३ पासून अपोलो एंडोसर्जरी आणि २०१८ च्या अखेरीस रीशेप लाईफसायन्सेस झाली. पोटातला पट्टा तोच राहतो, बाहेर त्याचा मालक पुन्हा पुन्हा बदलतो. हिंगणघाटच्या एखाद्या बाईनं दाद मागायची तर कुणाकडं?

साडेतीन हजार माणसं सापडली नाहीत

हे फक्त वजनाच्या शस्त्रक्रियेपुरतं आहे, असं समजू नका. महाराष्ट्रात नोंदीचा प्रश्न सर्वांत ठळकपणे समोर आला तो खुब्याच्या सांध्यामुळं. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा कृत्रिम सांधा जगभर सुमारे ९३ हजार लोकांना बसवला गेला. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत घेतला.

भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं या प्रकरणाचा पाठपुरावा केला, पोलिसांत गुन्हा नोंदवला. केंद्रीय औषध नियंत्रकांचा जाहीर इशारा मात्र यायला डिसेंबर २०१३ उजाडला. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१८ मध्ये लोकांसमोर आला. प्रत्येक रुग्णाला किमान २० लाख रुपये भरपाई द्यावी, अशी शिफारस त्यात होती. पण त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही.

विचार करा. सदोष वस्तू परत बोलावली गेली आहे, पण ती कुणाच्या शरीरात आहे हेच माहीत नाही. त्यांतले कितीतरी लोक आजही खुबा दुखतो म्हणून वातावरची गोळी घेत असतील. गाडीचा एखादा भाग सदोष निघाला तर कंपनी गाडीच्या नंबरावरून मालकाला पत्र पाठवते. माणसाच्या हाडात बसवलेल्या सांध्याला ते भाग्य नाही.

या प्रकरणानंतर कायदा काहीसा पुढं सरकला, हे मान्य केलं पाहिजे. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ मध्ये झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं ‘औषध’ या व्याख्येत आली. त्याआधी मोजक्याच उपकरणांवर सरकारचं नियंत्रण होतं. उपकरणांमुळं होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडं त्याचं काम आहे. रुग्ण किंवा डॉक्टर, कुणीही तिथं कळवू शकतो. पण आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलं आहे? तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून पाहा.

वर्ध्याला हे नवीन नाही

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक रुग्णाचा माग कोण ठेवणार? हा प्रश्न निदान वर्ध्यात तरी विचारू नये.

वर्षानुवर्षं शरीरात राहून हळूहळू नुकसान करणारा आजार कसा हाताळायचा, हे या जिल्ह्यानं देशाला शिकवलं आहे. तो आजार म्हणजे कुष्ठरोग. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला काम उभारलं. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः करत. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं आणि वर्धा हे त्याचं केंद्र बनलं. या संस्थेनं रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. कार्यकर्ते गावोगाव, घरोघर गेले. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री होती. प्रत्येक रुग्णाची नोंद असे आणि औषध चुकलं तर माणूस त्याच्या दारात जाई. पुढं १९८०च्या दशकात बहुऔषधी उपचार आले, तेव्हा ते देशात सर्वांत आधी ज्या थोड्या जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत वर्धा होता. नोंदीची सवय इथं आधीपासून होती.

सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केलं. तिथं प्रवेश घेणारी विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. प्रत्येक विद्यार्थ्याकडं काही कुटुंबं असतात आणि शिक्षणाच्या काळात तो त्यांच्याकडं पुन्हा पुन्हा जातो. म्हणजे ‘फॉलो-अप’ या शब्दाचा खरा अर्थ या मातीला ठाऊक आहे. वीस वर्षांच्या पोराला गावात जाऊन कुटुंबाची विचारपूस करता येत असेल, तर लाखो रुपये घेणाऱ्या दवाखान्याला वर्षातून एक फोन का करता येऊ नये?

नोंद ठेवली तर डॉक्टर अडचणीत येतील, ही भीतीही चुकीची आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून लठ्ठपणाच्या ४,०४७ रुग्णांचा माग ठेवला गेला. निम्म्या लोकांनी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले. पट्टा बसवलेले रुग्णही त्यात होते. २००७ मध्ये निष्कर्ष आला की, शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण सुमारे पाव हिश्शानं कमी आहे. या शस्त्रक्रिया आयुष्य वाढवतात, असं आज डॉक्टर ठामपणे सांगतात, ते याच नोंदीच्या जोरावर. जी वही धोका दाखवते, तीच फायदाही सिद्ध करते.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक रुग्णाच्या हातात एक कार्ड हवं. मराठीत. शरीरात कोणती वस्तू आहे, कोणत्या कंपनीची, नंबर काय, केव्हा बसवली, कुणी बसवली, एमआरआय चालतो का आणि कोणती लक्षणं दिसली तर धावत दवाखाना गाठायचा. युरोपात मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार शरीरात बसवल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांसोबत असं कार्ड देणं बंधनकारक आहे. त्याच कंपन्या आपल्याकडं माल विकतात. तिथं कार्ड देता येतं, तर इथंही देता येईल.

दुसरी गोष्ट, नोंदवही. ती दवाखान्याच्या कपाटात नको, सरकारकडं हवी. दवाखाना बंद पडला, डॉक्टर परदेशी गेले, कंपनी विकली गेली, तरी ती राहिली पाहिजे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जिल्ह्यातल्या अशा रुग्णांची यादी असायला काय हरकत आहे? शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली, तरी रात्री दोन वाजता पोट दुखणार आहे ते हिंगणघाटला, आर्वीला किंवा कारंजाला.

तिसरी गोष्ट खर्चाची. बसवण्याचं पॅकेज जाहिरातीत असतं. तपासणीचा आणि काढण्याचा खर्च किती, हे मी आजवर एकाही जाहिरातीत वाचलेलं नाही. तो आधीच लेखी सांगणं सक्तीचं करा. माणूस निर्णय घेईल तो पूर्ण हिशोब पाहून घेईल.

चौथी गोष्ट आपल्या गावातल्या डॉक्टरांसाठी. पट्टा असलेल्या माणसाला अचानक जोरात पोटदुखी झाली, थुंकीही गिळता येईना, तर ते गॅसचं दुखणं समजून घरी पाठवू नका. पट्टा सरकून जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा वेळी पोर्टमधलं पाणी काढून पट्टा सैल करणं हा पहिला उपाय असतो, आणि त्याच वेळी सर्जनकडं पाठवणं. दुसरं असं की, वजनाची कोणतीही शस्त्रक्रिया झालेल्या आणि बरेच दिवस उलट्या होत असलेल्या माणसाच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्व संपलेलं असू शकतं. त्याला ते न देता नुसती ग्लुकोजची सलाईन लावली, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. आपल्याकडं ‘ताकदीची सलाईन’ किती सहज लावली जाते, हे वेगळं सांगायला नको.

आणि शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. लठ्ठपणाची आपल्याकडं थट्टा होते आणि शस्त्रक्रियेची लाज बाळगली जाते. लग्नाच्या मुलीनं तर ती लपवायचीच, असा घरोघरी शिरस्ता आहे. मग दहा वर्षांनी बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना ठाऊकच नसतं की पोटात पट्टा आहे आणि गरोदरपणात तो सैल करावा लागू शकतो. लपवण्यासारखं यात काही नाही. महाराष्ट्रात आज सुमारे चारांतल्या एका स्त्रीचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. हा आळशीपणाचा पुरावा नाही, हा आजार आहे. उपचार घेणं गुन्हा नाही.

म्हणून ज्यांच्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना माझी विनंती आहे. पट्टा असो, जठरातला फुगा असो, खुब्याचा सांधा असो की हृदयातली जाळी, आज घरी कागद शोधा. सापडला तर त्याचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. सापडला नाही तर दवाखान्याकडं लेखी मागा, तो देणं त्यांचं कर्तव्य आहे. शेवटची तपासणी होऊन वर्ष उलटलं असेल, तर त्रास नसला तरी एकदा दाखवून या. आणि उपकरणामुळं अपाय झाला असेल तर सरकारकडं नोंदवा. प्रत्येक न नोंदवलेला त्रास पुढच्या जाहिरातीत ‘दुर्मीळ’ म्हणून छापला जातो.